सहाव्या दिवसाचा नमुना

पहिल्या दिवशी दोन लाख अडुसष्ट हजार.
दगाजी ओंकार बोरसे, वय एकाहत्तर,
पांझरेकाठचं गाव, तालुका साक्री,
डाव्या खुब्याचं ऑपरेशन.
पोटाच्या कातडीत सकाळ-संध्याकाळ सुई,
रक्त पातळ राहावं म्हणून.
माणूस खाटेवर पडून राहिला
की रक्तही पायाच्या शिरेत बसकण मारतं,
एवढं मलाही ठाऊक.
मी धुळ्यात तळमजल्यावर
रात्रपाळीला प्लेटलेट मोजते.

चौथ्या दिवशी एक लाख नव्वद.
चालायचंच.

पाचव्या दिवशी एक लाख बारा.
नळी उलटसुलट केली, उजेडाला धरली,
म्हटलं, नळीतच गोळा झाल्या असतील,
काचेवर थेंब ओढून बघायला हवा.
काच काढून ठेवलीही.
तेवढ्यात बाळंतीण आली, रक्तगट हवा होता,
मग अपघाताचे दोघे, शिरपूर फाट्यावरचे.
अहवालावर मी लिहिलं: पुन्हा तपासावे.
दोन शब्द. लिहायला काय लागतं.

सहाव्या दिवशी एकसष्ट हजार.
या वेळी थेंब ओढला.
भिंगाखाली गुलाबी मैदान,
जांभळे ठिपके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके,
बाजार उठल्यावर मागे राहिलेल्या माणसांसारखे.

जिना चढून वर गेले.
एवढा आकडा उतरला की हिरड्या पाझराव्यात,
सुईच्या जागी काळेनिळे डाग पडावेत.
तसलं काही नव्हतं.
म्हातारा आपल्या उजव्या पायाकडे बघत होता
शेजारच्या खाटेवरच्या पेशंटकडे बघावं तसा.
"बहीन, मना पाय मना नही राह्यना."
हात लावला. माठ.
अंगठा वांग्याच्या रंगाचा.

नवा डॉक्टर फोनवर सांगत होता:
गुठळी आहे, डोस वाढवतो.
कुणीही हेच केलं असतं.
मी म्हटलं, सर, आधी हा आकडा बघा.
त्याने आकडा बघितला, मग तारखा,
मग बोटांवर दिवस मोजले
आणि स्टुलावर बसला.

गोठू नये म्हणून दिलेलं औषधच
रक्ताला परकं वाटलं होतं.
रक्ताने त्याच्यावर पहारे बसवले,
पहारेकऱ्यांचीच गर्दी झाली,
आणि गर्दीने रस्ता बंद.
प्लेटलेट कमी नव्हत्या पडल्या,
खर्ची पडत होत्या.

सुई बंद केली. दुसरं औषध
नाशिकहून यायला चार तास.
मध्येच एक सिस्टर रोजच्या सवयीने
सलाइनची नळी धुवायला आली;
तिच्या सिरिंजमध्ये तेच, थोडंसं, धुण्यापुरतं.
मी तिचा हात धरला. फार जोरात.
दुसऱ्या दिवशी तिने मला मनगट दाखवलं.

आधीची तीन लेकरं गेली
म्हणून आईने यांचं नाव दगा ठेवलं होतं,
यमाला दगा बसावा म्हणून.
बसला.
गुडघ्याखालचा पाय तेवढा घेऊन गेला.

चाळीस वर्षं फडावर पाटकरी होते ते.
काय झालं ते मी समजावलं
तेव्हा डोळे मिटून ऐकत राहिले.
मग म्हणाले, एका साली गाळ काढायला
अख्खा गाव फावडी घेऊन पाटात उतरला,
इतके, की त्यांच्याच पिंढऱ्यांना पाणी अडलं
आणि कड फुटून भलत्याच वावरात गेलं.
मग हो?
"मग काय. समदासले भायेर काढं."

घरी जाताना कागद दिला, लाल शाईचा:
हे औषध यांना पुन्हा कधीही देऊ नये.
त्यांनी तो घडी करून बंडीच्या खिशात घातला,
वरून टाचणी लावली, मला वाचून दाखव म्हणाले.
दोनदा वाचला.
तुला कधी समजलं, त्यांनी विचारलं.
सहाव्या दिवशी, मी म्हटलं.
खोटं नव्हतं.

ती आदल्या रात्रीची काच खणात आहे अजून.
स्वच्छ, कोरडी.
नमुने तुंबतात, काचा संपतात,
शेजारची निर्मला खण उघडून म्हणते,
ही आहे की एक.
मी म्हणते, राहू दे,
आणि नवीन खोका फोडते.